घंटीची दोरी

शाळेच्या कागदपत्रांत ‘ड्रायव्हर’, बायकोच्या तोंडी ‘अहो’ आणि पन्नास-साठ पोरांच्या तोंडी ‘काका’, अशी त्या माणसाला तीन नावं होती. त्यातलं तिसरं त्याला सगळ्यांत आवडायचं, म्हणून आपणही काकाच म्हणू. सव्वीस वर्षं काका शाळेची बस चालवत होते. सव्वीस वर्षांत गाडीला ओरखडा गेला असेल तर तो दुसऱ्याच्या चुकीनं, असं ते म्हणायचे आणि ते बऱ्यापैकी खरंही होतं. फक्त ते फार वेळा म्हणायचे, एवढीच एक वाईट खोड होती.

बस जुनी, नाकवाली. इंजिन पुढे आणि त्यावर लांबलचक बॉनेट. अशा गाडीत सीटवर बसलेल्या माणसाला समोरचा रस्ता छान दिसतो, पण बॉनेटच्या लगतचा तीन-चार पावलांचा तुकडा मुळीच दिसत नाही. तिथे मोठा माणूस उभा असेल तर त्याचं डोकं तरी वर येतं. पाच वर्षांचं मूल उभं असेल तर रस्ता मोकळाच दिसतो. हे काही गुपित नाही, शिकाऊ पोरालाही माहीत असतं. म्हणून तर अशा गाड्यांच्या नाकावर एक फुगीर गोल आरसा बसवतात. काकांच्या गाडीचा तो आरसा दोन वर्षांपूर्वी झाडाच्या फांदीनं उडवला होता. ऑफिसातल्या कारकुनानं विचारलं, “नवा मागवू का?” तेव्हा काका म्हणाले, “मागवू सावकाश. माझ्या ताई आहेत ना, आरशापेक्षा बऱ्या.” ऑफिसला तेवढंच हवं होतं. कारकुनानं वही मिटली ती मिटलीच.

ताई म्हणजे बसवर मुलांना सांभाळणाऱ्या बाई. चाळिशीच्या, बोलायला कमी आणि कामाला चोख. दर थांब्याला त्या आधी उतरायच्या, मुलाचा हात घरच्या माणसाच्या हातात द्यायच्या, बसच्या पुढून एक नजर टाकून यायच्या आणि मग पायरीवर चढून डोक्यावरची दोरी ओढायच्या. ही दोरी छतालगत दारापासून ड्रायव्हरपर्यंत गेलेली, तिच्या टोकाला पितळी घंटी. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. दोन टोले पडल्याशिवाय काका क्लच सोडत नसत आणि पडल्यावर एक क्षणही घालवत नसत. याचाही त्यांना अभिमान होता.

वर्षाच्या सुरुवातीला बसमध्ये सहा वर्षांची एक मुलगी नवीन आली. पहिले आठ दिवस ती घरापासून शाळेपर्यंत रडली. नुसती रडली असती तर चाललं असतं, पण तिचं बघून बाकीची बारकी पोरंही सूर धरायची आणि बस थांब्यावर येण्याआधी आवाज यायचा. नवव्या दिवशी काकांनी नायलॉनच्या दोरीचा एक हातभर तुकडा आणला, मुख्य दोरीला गाठ मारून दाराजवळच्या पहिल्या सीटवर लोंबता सोडला आणि मुलीला तिथे बसवलं.

“हे बघ. तू रडली नाहीस तर घंटी तू वाजवायची. पण ताई ‘वाजव’ म्हणतील तेव्हाच. आधी नाही, नंतर नाही.”

रडणं जे थांबलं ते कायमचं. मुलगी दोरी धरून अशी बसायची, जणू सगळी शाळा तिच्याच जिवावर चालली आहे. एकदा ताई पायरीवर चढल्या आणि शिंकांच्या नादात ‘वाजव’ म्हणायचं विसरल्या, तर ही बया दोरी हातात घेऊन ढिम्म. मागे गाड्यांची रांग लागली, पण शब्द आल्याशिवाय टोला नाही. काकांनी त्या दिवशी तिचं नाव ‘मास्तरीण’ ठेवलं.

ताईंना ते पसंत नव्हतं. “काका, ही खेळायची वस्तू नाही,” त्या म्हणाल्या होत्या.

“अहो ताई, तुम्ही सांगितल्यावरच वाजवते ना ती? मग हात कुणाचा का असेना.”

ताई दोन-तीनदा बोलल्या, मग गप्प बसल्या. काकांनी मात्र चहाच्या वेळी ही गोष्ट बाकीच्या ड्रायव्हरांना मीठमसाला लावून सांगितली. पोरं रडायची ती त्यांच्याही गाडीत. महिन्याभरात आणखी तीन बसमध्ये पहिल्या सीटवर दोऱ्या लोंबू लागल्या.

तो दिवस बुधवार होता. शाळा सुटून बस शिंप्याच्या दुकानासमोर थांबली. शिंपी शाळेचे गणवेश शिवायचा, काकांचा खाकी शर्टही त्याच्याच हातचा. त्याचा पाच वर्षांचा मुलगा गोलमटोल आणि एवढासा, म्हणून काका त्याला ‘बटण’ म्हणायचे. रोज हॉर्न ऐकला की शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून बाहेर यायचा. त्या दिवशी आला नाही. आत गिऱ्हाइकाची मापं चालली होती आणि दुसऱ्या मशिनवर त्याचा भाऊ घरघर लावून बसला होता.

ताई बटणाचा हात धरून उतरल्या. दोन हाका मारल्या. मग बटणाला म्हणाल्या, “इथंच उभा राहा हं,” आणि दुकानाच्या दारापर्यंत गेल्या. चार पावलं. बटणाच्या हातात वर्गात केलेलं कागदाचं भिरभिरं होतं. ते निसटलं आणि वाऱ्यानं बसच्या पुढे गेलं. बटण त्याच्या मागे गेला आणि वाकला.

मागून एका ट्रकवाल्यानं हॉर्न दाबून धरला. दुकानाच्या दारात ताईंनी शिंप्याला बोलवायला हात वर केला आणि काहीतरी म्हणाल्या. मास्तरीणबाईंनी खिडकीतून वर केलेला हात बघितला, हॉर्नमध्ये काहीतरी ऐकलं आणि दोरी दोनदा ओढली.

टण, टण. काकांनी क्लच सोडला.

पुढचं सांगायला फार शब्द लागत नाहीत. बस तीन-चार फूट गेली असेल. चाकाखाली काहीतरी आलं हे काकांना सीटमधूनच कळलं. रस्त्यात दगड आला तर कसं लागतं हे त्यांना माहीत होतं आणि हा दगड नव्हता. ते उतरले तेव्हा बटण शुद्धीवर होता. तो रडतही नव्हता. त्याचा उजवा पाय बघून काकांनी मान फिरवली.

“पेटी आणा!” ताई ओरडल्या. त्या रस्त्यात बसून आपल्या ओढणीनं त्याची मांडी आवळत होत्या. काका औषधाची पेटी आणायला बसमध्ये चढले. पेटी दाराशीच होती. आणि इथे त्यांनी असं काही केलं, की ज्याचा विचार त्यांनी केलाही नव्हता, हातानंच केलं. आधी त्यांनी त्या नायलॉनच्या तुकड्याची गाठ सोडली, तुकडा पँटच्या खिशात कोंबला आणि मग पेटी उचलली. पहिल्या सीटवर मास्तरीण दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. तिनं ते बघितलं. तिनं बघितलं हे काकांनीही बघितलं.

खाली उतरले तोवर गर्दी जमली होती. कुणीतरी त्यांची कॉलर धरली. “डोळे फुटले होते का रे तुझे?”

“घंटी वाजली!” काका ओरडले. “दोन टोले पडले म्हणून गाडी काढली! विचारा ताईंना!”

उचलली जीभ लावली टाळ्याला. वीस-पंचवीस माणसांची डोकी एकदम ताईंकडे वळली. ताईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते. त्यांनी मान वर करून काकांकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, “मी नाही वाजवली.”

त्यावर कोण विश्वास ठेवणार? सव्वीस वर्षांत टोला पडल्याशिवाय ज्यांची गाडी हलली नाही त्या माणसानं टोले ऐकले होते. टोले द्यायचं काम एकाच बाईचं. काकांचा परवाना जप्त झाला, एक रात्र चौकीत काढून ते जामिनावर सुटले, आणि तोवर सगळ्यांच्या फोनवर निकाल लागून गेला होता: बाईनं न बघता घंटी दिली. शाळेनं ताईंना त्याच संध्याकाळी घरी बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि काकांना हे दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

घरी बायकोनं ताट वाढून समोर ठेवलं. काकांनी ते बाजूला सरकवलं.

“खरंच तिनं वाजवली का हो?” बायकोनं विचारलं.

“घंटी वाजली.”

“ते सगळ्यांना माहीत झालंय. मी विचारतेय, कोणी वाजवली.”

काका हात धुवायला उठले. जेवले नव्हते तरी धुतले. बायको त्यांच्याकडे बघत राहिली. तीस वर्षांच्या संसारात तिला या माणसाची पाठही वाचता यायची. तिनं पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

शनिवारी डॉक्टरांनी बटणाचा पाय गुडघ्याखाली कापला. रविवारी काका हॉस्पिटलात गेले. शिंप्यानं दोन थोबाडीत ठेवून द्याव्यात, गर्दीसमोर द्याव्यात, असं काहीतरी त्यांना हवं होतं. शिंपी वॉर्डाबाहेर बाकावर बसला होता. त्याच्या गळ्यात अजून टेप होता, चार दिवसांत काढायचं सुचलं नव्हतं. काकांना बघून तो उठला आणि बाजूला सरकून त्यांना बसायला जागा केली.

“झोपलाय,” तो म्हणाला. “उठला की पाय खाजतोय म्हणतो. जो नाही तो. मी चादरीवर खाजवतो, तर म्हणतो, इथं नाही बाबा, खाली.”

“तुम्ही कशाला तोंड पाडून बसलाय काका? तुम्हाला घंटी मिळाली, तुम्ही गाडी काढली. तुमची काय चूक? मंगळवारी शाळेत सभा आहे, पोलीसही येणार आहेत. तिथे तेवढं ठणकावून सांगा. त्या बाईला परत कुठल्या शाळेच्या दारात उभं करता कामा नये. माझ्यासाठी एवढं करा.”

“करतो,” काका म्हणाले. म्हणाले खरे, आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. क्षमा ही फार महागाची वस्तू आणि ती त्यांनी चक्क चोरून आणली होती.

सोमवारी दुपारी ते ताईंकडे गेले. दोन जिने चढून, लांब गॅलरीच्या टोकाला एक खोली. ताई कपडे वाळत घालत होत्या. काकांना बघून त्यांनी हातातला टॉवेल आधी झटकला, चिमटे लावले आणि मग बोलल्या.

“आत या म्हणणार नाही मी.”

“नका म्हणू.”

“मग बोला.”

“ताई, कोणी वाजवली ते...”

“मला माहीत आहे. टोले ऐकून मी वळले तेव्हा दोरी तिच्या हातातच होती.”

“मग पोलिसांना सांगितलं का नाहीत?”

“सहा वर्षांची आहे हो ती!” ताईंचा आवाज पहिल्यांदा चढला. “सांगू? उद्या सगळी वस्ती तिला बघायला येईल. हीच ती, हीच ती म्हणतील. म्हातारी झाली तरी म्हणतील. तुम्ही सांगा, तुमच्यात हिंमत असेल तर. मी त्याचा हात सोडला. चार पावलं गेले. ते माझं आहे, ते मी जन्मभर बघीन. पण घंटी माझी नव्हती, आणि ती मी माझ्या माथ्यावर घेणार नाही.” त्यांनी पिळलेला परकर दोरीवर टाकला. “तुकडा कुठे आहे तो?”

काकांचा हात आपोआप खिशाकडे गेला. तीच पँट होती.

“टाकू नका,” ताई म्हणाल्या. “आज सकाळी सात नंबरची बस इथून खालून गेली. दार उघडंच होतं. पहिल्या सीटवर एक चिमुरडं दोरी ओढत होतं. दोनदा. मी वरून ओरडले, पण हॉर्नमध्ये कोण ऐकतंय? इथे एकाचा पाय गेला आणि तिथे दोरी लोंबतेच आहे. तुम्हीच शिकवलेलं ना त्यांना?”

येताना त्यांनी मनाशी एक सोपी वाट आखली होती: सभेत उठायचं आणि सांगायचं, घंटी वाजलीच नव्हती, मीच घाईनं गाडी काढली, आणि जीव वाचवायला ताईंवर ढकललं. ताई सुटल्या, मुलगी सुटली, आपण तुरुंगात गेलो तर गेलो. पण घंटी वाजलीच नाही म्हटलं तर घंटीवर कोण बोट ठेवणार? त्या तीन दोऱ्या तशाच राहणार. आज सात नंबर, उद्या आणखी कुणी. खोटं बोललं तर दुसरं बटण जाणार आणि खरं बोललं तर मास्तरीण जाणार. ते बसस्टॉपवर बसले आणि तीन बस सोडल्या.

मंगळवारी शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. पुढे मुख्याध्यापिका, त्यांच्या शेजारी फौजदार वही उघडून. एका बाजूला सगळे ड्रायव्हर भिंतीला लागून उभे. ताई दाराजवळ, त्यांच्या आजूबाजूच्या दोन-दोन खुर्च्या रिकाम्या. पहिल्या रांगेत शिंपी. मुख्याध्यापिकांनी काकांचं नाव घेतलं तेव्हा त्यांना स्वतःलाच क्षणभर वाटलं, हा कोण?

त्यांनी खिशातून नायलॉनचा तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला.

“घंटी वाजली,” ते म्हणाले. “पण ताईंनी वाजवली नाही. ही दोरी मी बांधली होती. पोराच्या हाताला यावी म्हणून, एवढी खाली. कौतुक म्हणून. ताई नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. अपघात झाल्यावर पेटी आणायला गेलो तेव्हा आधी ही सोडून खिशात घातली. पोरगं रस्त्यात पडलं होतं आणि मी गाठ सोडत बसलो होतो.” फौजदार लिहू लागला. “आरसा दोन वर्षं नव्हता. ऑफिसनं विचारलं होतं, मीच सावकाश म्हणालो. घंटी वाजली म्हणजे रस्ता मोकळा, असं नसतं. घंटी म्हणजे कुणाचा तरी हात, बाकी काही नाही. खाली उतरून बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. आणि अशा दोऱ्या अजून तीन गाड्यांत आहेत. माझंच बघून बांधल्यात. आज पोरांना घरी सोडायच्या आधी काढा.”

भिंतीलगतचे तिघे ड्रायव्हर जमिनीकडे बघू लागले. फौजदारानं पेन थांबवून विचारलं, “मग घंटी वाजवली कोणी? कोणत्या मुलानं?”

नाव सांगायचं नाही हे काकांनी ठरवलंच होतं. ‘ते मी सांगणार नाही’ असं म्हणून गप्प राहायचं, इतकं सोपं. पण तेवढ्यात शेवटच्या रांगेत आईच्या मांडीवर त्यांना ती दिसली. घरी ठेवायला कुणी नसेल, म्हणून आईनं आणली असणार. दोन्ही हात मांडीवर, बसमध्ये बसली होती तशीच. आणि पुन्हा एकदा जीभ डोक्याच्या आधी धावली.

“सगळीच वाजवायची साहेब,” काका म्हणाले. “जो पुढे बसेल तो. रोज वेगळं पोर. त्या दिवशी कोण होतं, मी बघितलं नाही.”

फौजदारानं लिहून घेतलं. शिंपी उठला. आता तरी तो मारेल असं काकांना वाटलं. तो जवळ आला, टेबलावरच्या त्या तुकड्याकडे बघत उभा राहिला.

“रविवारी तुम्ही माझ्याशेजारी बसला होतात,” तो म्हणाला. “अर्धा तास बसला होतात काका.”

एवढंच बोलून तो दाराकडे गेला. ताईंच्या समोर थांबला आणि मग निघून गेला. ताईंनी त्याला वाट करून दिली. काकांकडे त्यांनी बघितलं नाही.

मग सगळी सभा एकदम बोलू लागली. मुख्याध्यापिकांनी जाहीर केलं की दोन दिवसांत प्रत्येक बसला गोल आरसा लागेल, प्रत्येक थांब्यावर ड्रायव्हर स्वतः उतरून बघेल आणि घंट्या आजच काढल्या जातील. कारकुनानं वही उघडली. बैल गेला आणि झोपा केला. पण निदान बाकीचे बैल अजून गोठ्यात होते, आणि त्यासाठी का होईना, कारकुनाचं पेन चालताना बघून काकांना बरं वाटलं.

फौजदारानं त्यांना संध्याकाळी चौकीत यायला सांगितलं. काका बाहेर आले. फाटकाजवळ लोकांनी त्यांना टाळून दोन्ही बाजूंनी वाट काढली, तेही त्यांना रास्तच वाटलं. निदान ती एक तरी सुटली, असा विचार करत ते नळाशी तोंड धूत होते, तेव्हा कुणीतरी शर्टाचं टोक ओढलं.

मास्तरीण होती. तिची आई दहा पावलांवर स्कूटर बाहेर काढत होती.

“काका, तुम्ही खोटं सांगितलंत.”

“काय गं?”

“सगळी नाही वाजवायची. मीच वाजवायचे. रोज मीच.”

“हळू बोल,” काका पटकन म्हणाले आणि आजूबाजूला बघितलं.

ती लगेच कुजबुजायला लागली. “मी पण कुणालाच सांगितलं नाही. आईला पण नाही.”

“आईला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही दोरी लपवलीत ना. आणि आज पण नाही सांगितलंत. म्हणजे ते फारच वाईट असणार.”

काकांच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं, ते पुसायचं राहून गेलं. आपण तिला वाचवलं असं ते पाच मिनिटं समजत होते. वाचवलं कसलं, तिला एकटीला कोंडून बाहेरून कडी घातली होती. ते खाली बसले. गुडघे कुरकुरले.

“बटणाचा पाय कोणी मोडला, मास्तरीणबाई?”

“मी,” ती म्हणाली. तिला विचार करावा लागलाच नाही. गेले सहा दिवस हे उत्तर तिच्याकडे तयारच होतं.

“गाडी कोण चालवत होतं?”

“तुम्ही. पण ताई वाजव म्हणाल्या नव्हत्या. मला वाटलं म्हणाल्या. पण नव्हत्या म्हणाल्या.”

ते खरं होतं. त्यांनी आपलं एक बोट पुढे केलं. तिनं ते धरलं. तिचा हात गार होता. ती दोघं स्कूटरपाशी गेली तेव्हा आईनं हेल्मेट घातलेलं होतं आणि काकांना बघून ती मागे सरकली, मुलीला आपल्याकडे ओढायला तिनं हात पुढे केला.

“हेल्मेट काढा,” काका म्हणाले. “थोडा वेळ लागेल. चूक माझी आहे, पण सगळं सांगायचंय, आणि हिच्यासमोरच सांगायचंय.”

आईनं हेल्मेट काढलं.

“आणि ही मध्ये बोलली तर बोलू द्या,” ते म्हणाले. “हिला सगळं माझ्यापेक्षा नीट आठवतंय.”